बाहेर जाणारी वीज

शेजारच्या घराला आठ दिवसांपासून कुलूप होतं, गल्लीतली वीज अकरापासून गेलेली होती, आणि तरी त्या घराच्या ओट्यावरचा दिवा जळत होता.

वायरमनचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. जेवायच्या टेबलाशेजारच्या खिडकीतून तो ओटा स्पष्ट दिसायचा. भर दुपारच्या उन्हात दिवा फिका, पिवळट दिसत होता, पण लागलेला होता.

"शेजाऱ्यांचा दिवा कसा काय चालू?" त्यानं विचारलं.

"जाताना विसरले असतील, बाबा," सून वाढता वाढता म्हणाली. "परवापण लागलेला होता."

"विसरले ते खरं. पण आत्ता त्याला वीज कुठनं मिळतेय?"

सुनेनं डोक्यावरच्या पंख्याकडे बघितलं. तो फिरत होता, पण तो घरातल्या बॅटरीवर. शेजाऱ्यांकडे ना सोलर होतं, ना बॅटरी. तिला कोडं सुटेपर्यंत सासरा पानावरून उठला होता. खिडकीच्या गजांना तोंड लावून त्यानं कोपऱ्यावरच्या पोलकडे पाहिलं. पोलवर एक माणूस चढलेला होता. खाली दुसरा दोर धरून उभा होता.

"हात काढ," वायरमन ओरडला. "तारेवरचा हात काढ, चालू आहे ती."

खालच्या माणसानं कानाला हात लावून 'काय' अशी खूण केली. तोवर वायरमन जिन्याखालच्या बोर्डाकडे निघाला होता. एक्काहत्तरावं वर्ष, डावा गुडघा कामातून गेलेला. आपण ओरडायला थांबायला नको होतं, सरळ बोर्डाकडे जायला हवं होतं, असं त्याला पुढे कित्येकदा वाटलं. त्यानं बॅटरीचा खटका पाडला, मेन स्विच पाडला. पंखा थांबला. वरच्या खोलीत मुलगा ऑफिसचं काम करत बसला होता; तिथून त्याचा वैतागलेला आवाज आला, "बाबा, मीटिंग चालू आहे माझी, काय करताय?" आणि त्याच वेळी रस्त्यावरून खालच्या माणसाची किंकाळी ऐकू आली.

वरचा माणूस कमरेच्या पट्ट्यावर लोंबकळत होता. जिवंत होता, पाय हलत होते. खालचा शिडीला धरून नुसता ओरडत होता. वायरमननं त्याच्याकडून शिडी ओढून घेतली, सहा पायऱ्या चढला, लोंबकळणाऱ्या माणसाचे पाय स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि गल्लीतली चार माणसं दोर घेऊन येईपर्यंत तसाच उभा राहिला. उजव्या हाताचा उष्टा भात तेवढ्या वेळात बोटांवर वाळून गेला.

त्या लाइनमनला दवाखान्यात नेलं तेव्हा त्याचा उजवा तळवा काळा पडला होता. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी विचारून चढलो होतो."

*

निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी गल्ली त्याला वायरमनच म्हणायची. पोस्टमन पत्ता शोधताना 'वायरमनचं घर' विचारायचा, शाळकरी पोरं 'वायरमनआजोबा' म्हणायची. मुलाला ते आवडत नसे. "बाबा, निवृत्तीच्या वेळी तुम्ही वरिष्ठ तंत्रज्ञ होतात, सांगत जा ना लोकांना," असं तो म्हणे. वायरमन हसून सोडून देई. पोलवर चढताना कोणी हुद्दा बघत नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

सोलर मुलानं बसवलं होतं, चार महिन्यांपूर्वी. गच्चीवर बारा पॅनेल. दिवसा घर चालवून उरलेली वीज बाहेरच्या लाइनवर जायची आणि नवा मीटर ती मोजायचा. मुलाच्या मोबाइलवर त्याचं चित्र दिसे: सूर्य, घर, बॅटरी, पोल, आणि त्यांना जोडणारे बाण. घराकडून पोलकडे जाणारा बाण हिरवा झाला की तो खाली येऊन दाखवायचा. "बघा बाबा, तुम्ही जन्मभर लोकांच्या घरी वीज पोचवलीत. आता आपलं घर पोचवतंय." म्हाताऱ्याला ते खरंच आवडलं होतं. दुपारी गच्चीत जाऊन तो पॅनेलवरची धूळ पुसायचा, एखाद्या जनावराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा.

त्यानं प्रश्न एकच विचारला होता, पॅनेल बसवणाऱ्याला. "बाहेरची लाइट गेली की हे काय करतं?"

"आपोआप बंद होतं, काका."

"कोण बंद करतं?"

"मशीनच करतं. मशीनला कळतं ते."

"आणि बॅटरी लावल्यावर?"

"तेव्हापण कळतं."

"बाबा, त्यांना काम करू द्या," मुलगा म्हणाला होता.

पॅनेल बसवणारा खोटं बोलला नव्हता. पण बॅटरी आली ती दोन महिन्यांनी, आणि ती जोडायला भलताच कोणीतरी आला. वायरमन तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुतण्याकडे राहायला होता. बाहेरची लाइन आणि घरातली बॅटरी एकमेकींपासून तोडणारा एक स्विच मधे बसवायचा असतो. त्याचा डबा जिन्याखाली मावेना, कारण तिथं चपलांचं कपाट होतं. सोलर-बॅटरी पुरवणारा एजन्सीवाला म्हणाला, "आठवड्याभरात येऊन बसवतो, तोवर चालून जाईल." दोन्हीकडच्या वायरी एकाच पट्टीवर आवळल्या, झाकण लावलं, आणि झाकण उघडलं तर गॅरंटी जाईल अशी तंबी देऊन माणसं गेली. स्विचचा डबा खोक्यासकट माळ्यावर पडून राहिला.

त्यानंतर दोनदा वीज गेली. दोन्ही वेळा बॅटरी मिनिटभर घरघरून बंद पडली, कारण ती एकटी सगळ्या गल्लीला वीज द्यायला धडपडत होती. हे कोणाला कळलं नाही. एजन्सीवाला फोनवर म्हणाला, सेटिंगचा प्रश्न आहे. तिसऱ्या वेळी लाइनमननं दुरुस्तीसाठी पोलवर तार सोडवली आणि या बाजूला दोनच घरं उरली, हे आणि कुलूप लावलेलं. तेवढं ओझं बॅटरीनं मजेत उचललं.

त्या दुपारी दवाखान्याची गाडी गेल्यावर वायरमननं झाकण उघडून हे सगळं पाहिलं. हात कशालाच लावला नाही. वीज विभागाचे तरुण साहेब पंचनामा करायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "हे उघडलं कोणी?"

"मी," वायरमन म्हणाला.

साहेबांनी ते लिहून घेतलं, बोर्डाला सील ठोकलं, बाहेरच्या तारेवरून तात्पुरती जोडणी दिली आणि परवा जबाब द्यायला या, म्हणून सांगून गेले.

*

संध्याकाळी एजन्सीवाला आला. पन्नाशीचा, गोड बोलणारा माणूस. हातात टाइप केलेला कागद होता. मुलानं तो आधी वाचलेला असावा, कारण खाली त्याची सही झालेली होती. वायरमननं चष्मा लावला.

'घरमालकाचे वडील निवृत्त वायरमन असून त्यांनी एजन्सीला न कळवता जोडणीत परस्पर फेरफार केला. सदर अपघात त्यामुळे घडला.' खाली मुलाची सही. तिच्याखाली 'मान्य' आणि मोकळी जागा.

"हे मी केलेलं नाही," वायरमन म्हणाला.

"काका, फक्त कागदासाठी आहे," एजन्सीवाला म्हणाला. "झाकण तुम्ही उघडलं हे तर तुम्हीच सांगितलंत. थोडं पुढचं लिहिलंय."

"अपघात झाल्यावर उघडलं."

"आधी काय, नंतर काय. कागदावर वेळ कुठे लिहिली आहे."

वायरमननं मुलाकडे पाहिलं. मुलगा खुर्चीच्या हातावरचा रंग नखानं खरवडत होता.

"बाबा, ऐका. ह्यांच्यावर आलं तर ह्यांचा परवाना जातो. माझ्या सांगण्यावरून ऑफिसातल्या नऊ जणांनी ह्यांच्याकडून बसवून घेतलंय. त्यात माझे साहेबपण आहेत. मी कोणाकोणाला तोंड देऊ? आणि तुमचं आता काय बिघडणार आहे? नोकरी संपली, पेन्शन चालू आहे. सत्तरी उलटलेल्या माणसाला कोण काय करतंय?"

वायरमननं चष्मा काढला. त्याला राग आला नाही. हे वाक्य त्यानं आधी ऐकलं होतं, जवळजवळ याच शब्दांत, आणि तेव्हा ते ऐकून सही केली होती.

"त्या नऊ घरांत तो डबा बसवलाय का?" त्यानं एजन्सीवाल्याला विचारलं.

"कुठला डबा?"

"जो आमच्या माळ्यावर आहे."

एजन्सीवाला मुलाकडे बघून हसला. "वडील तुमचे फार बारीक आहेत."

"आणि तो दवाखान्यात आहे, त्याचं काय?"

"त्याला त्याचा कंत्राटदार बघून घेईल."

कागद टेबलावर ठेवून एजन्सीवाला गेला. मुलानं त्यावर पेन ठेवलं आणि तो वर निघून गेला.

*

लंब्या, वायरमनचा जुना जोडीदार. त्याला खरं नाव होतं, पण पगाराच्या दिवशी सोडून ते कोणी घेत नसे. इतरांना जिथं शिडीच्या दोन पायऱ्या जास्त चढाव्या लागत, तिथं तो खालूनच हात पोचवायचा. "देवानं मला शिडीसकटच पाठवलंय," म्हणायचा. वायरमनपेक्षा बारा वर्षांनी लहान, आणि बारा वर्षं त्याच्याच हाताखाली. काम करताना विलक्षण सावध. टेस्टर लावल्याशिवाय तारेला बोट लावायचा नाही, आणि टेस्टर चालतो की नाही हे बघायला आधी तो स्वतःच्या घरच्या बोर्डावर लावून यायचा.

एकोणीस वर्षांपूर्वी वादळात एक तार तुटली. वरून वीज बंद करून घेतली होती, काम करायच्या परवान्याचा कागद वायरमनच्या खिशात होता. चुकून वीज आली तर ती जमिनीत उतरावी म्हणून तुटलेल्या तारेच्या दोन्ही टोकांना जमिनीशी साखळी जोडायची असा नियम. साखळ्या दोन असायला हव्यात, त्यांच्याकडे एकच होती. दुसरी तुटून आठ महिने झाले होते, तिच्यासाठी तीन अर्ज गेले होते. लंब्यानं विचारलं, "त्या बाजूला काय करायचं?"

वायरमननं त्या बाजूला पाहिलं. सात-आठ घरं, एक मोठा बंगला. "त्या बाजूला काही नाही. मेलेली तार आहे. चढ," तो म्हणाला.

त्या बंगल्यात नवा जनरेटर आला होता आणि तो मधे काहीही न घालता थेट घराच्या बोर्डाला जोडलेला होता. वायरमननं जनरेटर सुरू झाल्याचा आवाज ऐकला. तो आवाज कसला आहे हे डोक्यात उजाडेपर्यंत लंब्या वरच्या वर गेला होता. त्याला खाली उतरवायला फार वेळ लागला, इतका तो उंच होता.

चौथ्या दिवशी तेव्हाच्या साहेबांनी बोलावून घेतलं. बंगलेवाल्याची उठबस साहेबांच्याही साहेबांकडे होती. कागद तयारच होता. 'मृताने वरिष्ठास न विचारता, सुरक्षेचे उपाय न करता काम सुरू केले.' साहेब म्हणाले, "तो गेला. त्याचं आता काय बिघडणार आहे? तुझं मात्र सगळं बिघडेल. परवाना तुझ्या नावावर होता." मुलगा तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. बायकोची औषधं चालू झालेली होती. वायरमननं सही केली. स्वतःच्या चुकीनं मेला असं ठरल्यामुळे लंब्याच्या बायकोला विभागात नोकरी मिळाली नाही, आणि दुसरंही काही मिळालं नाही. पदरात दोन मुली होत्या. ती गावच्या सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागली.

हे वायरमननं कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. त्यानं फक्त त्या दवाखान्याची पायरी चढायची सोडली. बायकोचं दुखणं वाढलं तेव्हा तो तिला दीड तासावरच्या दवाखान्यात न्यायचा. "जवळचा सोडून एवढ्या लांब कशाला?" ती गाडीत धापा टाकत विचारायची. तिथला डॉक्टर चांगला आहे, असं तो सांगायचा. ती गेली तीही त्याच रस्त्यावर, परत येताना.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात गेला. भाजलेल्यांच्या खोलीत तो लाइनमन बँडेज बांधलेला हात उशीवर ठेवून पडला होता. तिशीचा असेल. उशाशी त्याची बायको पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती, आत्ता कोणी उठ म्हणेल अशी.

"काका, मी विचारून चढलो होतो," वायरमनला बघताच तो म्हणाला.

"माहितेय."

"वीज बंद केल्याचं परमिट होतं. कंत्राटदार आला होता सकाळी. म्हणतो, हातमोजे घातले नव्हतेस, चूक तुझीच. हातमोज्यांचा एक जोड आहे काका, आठ माणसांत."

"दोन बोटं काढावी लागतील म्हणतात," बायको म्हणाली. ती नवऱ्याकडे न बघता बोलली.

वायरमनला तिथं बसवेना. तो बाहेरच्या बोळात आला. बोळाच्या टोकाला एक उभट चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची बाई मळक्या चादरींचं गाठोडं बांधत होती. एकोणीस वर्षं जी भेट चुकवली ती अशी समोर उभी होती. पाय मागे निघायला बघत होते.

"वहिनी, ओळखलंत का?"

"न ओळखायला काय झालं, भाऊजी," ती गाठ आवळत म्हणाली. "कालच म्हटलं, तुमच्या दारातला माणूस आलाय, आता तुम्हाला यावंच लागेल."

"मला एक सांगायचंय. लंब्या न विचारता नव्हता चढला. मीच त्याला चढ म्हटलं होतं."

"माहितेय."

"कधीपासून?"

"त्याच महिन्यापासून. नोकरीचं विचारायला गेले तर साहेबांनीच कागद दाखवला. म्हणाले, बाई, आमच्या हातात काही नाही, त्याच्या जोडीदारानंच लिहून दिलंय. खाली तुमची सही होती."

वायरमन भिंतीला टेकला.

"मग तुम्ही कधी आला नाहीत. काही बोलला नाहीत."

"आले होते. थोरलीला शाळेतून काढलं त्या दिवशी. चांगल्या चार शिव्या द्यायच्या ठरवून आले होते. तुमच्या कोपऱ्यापर्यंत आले. तुमची बायको दारात उभी राहून मुलाच्या हातात डबा देत होती. तिला काही माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. परत फिरले. तिला कशाला सांगा."

बोळातून एक नर्स घाईनं गेली. दोघंही बाजूला सरकले.

"मी माफी मागायला आलोय, वहिनी."

"तोंडी?"

तो भिंतीपासून सरळ झाला.

"त्याला बेफिकीर ठरवलं ते कागदावर," ती म्हणाली. आवाज जराही चढलेला नव्हता. "सही करून, शिक्का मारून. माझ्या मुलींच्या सासरीसुद्धा ते माहितेय, बाप स्वतःच्या हलगर्जीपणानं गेला म्हणून. आणि माफी मागायची ती अशी, बोळात उभं राहून, कोणाला ऐकू जाणार नाही अशी. तुम्ही स्वतःला हलकं करायला आलात, भाऊजी. मला चादरी न्यायच्यात." तिनं गाठोडं कमरेवर घेतलं आणि ती निघून गेली.

*

त्या दुपारी वायरमननं दोन कागद लिहिले. मुलाच्या सहीचा कागद त्यानं फाडला नाही. तो, पेन आणि मोकळी जागा टेबलावर तशीच ठेवून दिली.

जबाबाच्या दिवशी तरुण साहेबांनी त्याचा पहिला कागद सावकाश वाचला. पट्टीवर आवळलेल्या वायरी, माळ्यावरचा डबा, एजन्सीची ती नऊ घरं, आठ माणसांत हातमोज्यांचा एक जोड. सगळं त्यात होतं.

"काका, सकाळीच तुमच्या मुलाचा कागद आलाय. त्यात वेगळं आहे."

"तो खोटा आहे."

"हा मी फाइलला लावला तर खोटं लिहून दिलं म्हणून त्याच्यावर येईल."

"येईल."

"घरी जाऊन विचार करून या हवं तर. मी उद्यापर्यंत थांबतो."

"विचार करायला मला एकोणीस वर्षं मिळाली होती, साहेब. घ्या तुम्ही."

साहेबांनी कागद घेतला. मग वायरमननं दुसरा पुढे केला. तो वाचताना साहेब गोंधळले. "हे प्रकरण झालं तेव्हा मी शाळेत होतो. ती फाइल आता नसणारच. हा कागद मी कशाच्या संदर्भात घेऊ?"

"खरं काय झालं ते आहे."

"ते कळलं. पण त्याला नंबर काय देऊ?"

वायरमन तो कागद घेऊन चार टेबलं फिरला. आवक विभागातली बाई म्हणाली, मुख्य कार्यालयात द्या. मुख्य कार्यालयात म्हणाले, ज्या कार्यालयात घडलं तिथंच द्या. एका टेबलावर निवृत्तीला आलेला कारकून होता, तो लंब्याला ओळखत होता. त्यानं कागद शेवटपर्यंत वाचला, घडीवर घडी घातली आणि नजर न उचलता परत दिला. "आता कशाला?" एवढंच म्हणाला.

*

त्या नऊ घरांची तपासणी झाली. सहा घरांत डबा नव्हता. तीन ठिकाणी तर खोकंही आणलेलं नव्हतं. एजन्सीचं काम बंद केलं गेलं, खोट्या कागदाबद्दल मुलाला नोटीस आली आणि ऑफिसातले लोक त्याच्याशी कामापुरतं बोलू लागले. घरातली बॅटरी आणि पॅनेल सीलबंद झाली. गच्चीवर ऊन पडायचं आणि वाया जायचं. लाइनमनची दोन बोटं गेली. पण अपघात कामावर असताना आणि दुसऱ्याच्या चुकीनं झाला असं नोंदलं गेलं, त्यामुळे कंत्राटदाराला त्याला काढता आलं नाही. गोदामात बसून सामान देण्याचं काम मिळालं.

मुलगा वर जेवू लागला. काही सांगायचं असलं की बायकोकडून सांगायचा. "बाबा, हे विचारतायत, गॅसवाल्याचा नंबर कुठे आहे," असं सून म्हणायची आणि स्वतःच ओशाळायची. महिन्यानं तिच्याकडूनच कळलं, की त्यांनी ऑफिसजवळ भाड्यानं घर घेतलंय.

सामान टेम्पोत चढल्यावर मुलगा एकटा खालच्या खोलीत आला. तेवढं एक त्याला स्वतःच्या तोंडानं विचारायचं होतं.

"तुम्ही त्या माणसासाठी माझ्या विरुद्ध लिहून दिलंत. कोण लागतो तो तुमचा?"

वायरमननं त्याच्याकडे बघितलं. कॉलेजची ती वर्षं, ती सही, लंब्या, जवळचा सोडून लांबचा दवाखाना, हे सगळं जिभेवर आलं होतं. ते सांगितलं असतं तर मुलगा कदाचित थांबलाही असता. पण मग ते सगळं मुलाच्या डोक्यावर बसलं असतं, तुझ्यासाठी केलं म्हणून. आणि ते मुलानं मागितलेलं नव्हतं.

"कोणी नाही," तो म्हणाला.

मुलानं वाकून जिन्याखालच्या कपाटातून आपल्या चपला घेतल्या आणि गेला.

*

दोन दिवसांनी, दुपारी, वायरमन पुन्हा दवाखान्यात गेला. लंब्याची बायको कपड्यांच्या खोलीत होती. धुऊन आलेल्या चादरींचा ढीग होता आणि ती एकेकीची घडी घालत होती. दार उघडं होतं. बाहेरच्या बाकांवर तपासणीसाठी आलेली दहा-बारा माणसं बसली होती.

त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढला. चार टेबलांवर फिरून त्याच्या कडा मळल्या होत्या.

"लिहिलंय," तो म्हणाला. "सही केलीये. पण कोणी घेत नाही."

तिनं कागदाकडे बघितलं, घेतला नाही. "माझा चष्मा घरी राहिलाय. वाचा तुम्हीच."

"इथं?"

"इथं."

वायरमन उंबऱ्यात उभा राहून वाचू लागला.

"मी, खाली सही करणारा निवृत्त वायरमन, लिहून देतो की मृताने काम सुरू करण्यापूर्वी मला विचारले होते. मी त्यास चढ असे सांगितले. दुसरी साखळी तीन वेळा मागूनही विभागाने दिली नव्हती. बंगल्यातील जनरेटर सुरू झाल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. याबाबत मी पूर्वी दिलेला जबाब खोटा आहे आणि तो मी स्वतःला वाचवण्यासाठी दिला. मृत हा माझ्या हाताखाली काम केलेल्या माणसांत सर्वांत सावध माणूस होता. त्याची काहीही चूक नव्हती."

बाकावरच्या एका म्हातारीनं बोलणं थांबवून मान वळवली. झाडू मारणारा माणूस दाराशी थबकला. लंब्याच्या बायकोचे हात चादरीवर थांबले होते. ती भिंतीकडे तोंड करून होती, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. पाठ तेवढी दिसत होती, ताठ.

मग तिनं चादरीची अर्धी राहिलेली घडी पुरी केली, ढिगावर ठेवली, वरून हात फिरवून सुरकुती काढली.

"परत वाचा," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं. त्या टोकाला ऐकू गेलं नाही."

वायरमननं घसा खाकरला, बोळाकडे तोंड वळवलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.